गिझर नको, हमाल हवा!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

विहिरीचं पाणी डिसेंबरात कोमट लागतं आणि मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गंमत अशी की पाणी आहे तसंच असतं, बदलते ती बाहेरची हवा. जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर ऋतूंचा फारसा पत्ता लागत नाही. तिथलं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं आणि ते त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असतं. यंदा डिसेंबर ते एप्रिल दर रविवारी मी आपल्या पंपघरातल्या नळाखाली थर्मामीटर धरून उभा होतो. (पंपवाल्या काकांनी आधी मला वेड्यात काढलं, नंतर तेच आकडे वहीत लिहून ठेवायला लागले.) या काळात बाहेरची हवा ११ अंशांपासून ४३ अंशांपर्यंत फिरून आली. नळाचं पाणी मात्र २५ ते २७ अंशांच्या बाहेर गेलं नाही.

हा उद्योग करण्याचं कारण म्हणजे ४८ गिझर.

होस्टेलच्या नव्या विंगचं काम स्लॅबपर्यंत आलंय हे आपण सगळे खिडकीतून बघतोच आहोत. ३०० मुलांची सोय, ४८ बाथरूम आणि प्रत्येक बाथरूममध्ये एक गिझर अशी यादी तयार आहे. ही बातमी मेसमध्ये फुटली तेव्हा टाळ्या पडल्या. साहजिक आहे. ज्यांनी थंडीत पहाटे साडेपाचला उठून सोलरच्या नळासमोर बादलीची रांग लावली आहे, ज्यांचा हीटरचा रॉड रेक्टर सरांच्या कपाटात जमा आहे, त्यांना गिझर म्हणजे वरदानच वाटणार. मलाही गरम पाणी हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच की या ४८ गिझरच्या ऐवजी पंपघराशेजारी एक हीट पंप बसवावा. तोही विहिरीच्या पाण्यावर चालणारा. आणि हे ठरवायची वेळ आत्ताच आहे, कारण एकदा भिंतीत पाइप गेले की पुढची पंधरा वर्षं कुणी भिंत फोडणार नाही.

आधी हीट पंप म्हणजे काय ते सांगतो. मेकॅनिकलवाल्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण ओरलला "फ्रिज आणि हीट पंप यात फरक काय" असं विचारल्यावर किती जणांची बोबडी वळते ते मी पाहिलंय, तेव्हा शक्यतो गाळू नका.

घरच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा. गरम लागतो. ती उष्णता फ्रिजने तयार केलेली नाही. बरीचशी आतल्या दुधातून, भाजीतून काढून बाहेर आणून टाकलेली आहे, वर कॉम्प्रेसरने खाल्लेली थोडी वीज. आत एका नळीत कमी दाबाखाली एक द्रव उकळतो. उकळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती चांगली तापते. मग ती मागच्या जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होते, आणि बारीक नळीतून दाब उतरला की पुन्हा गार होऊन आत जायला तयार. इतकंच. आता फ्रिजच्या आतल्या भागाला दुधाऐवजी विहिरीचं पाणी दाखवा आणि मागच्या जाळीभोवती अंघोळीच्या पाण्याची टाकी गुंडाळा. झाला हीट पंप. एक उलटसुलट करणारा व्हॉल्व्ह बसवला की हेच यंत्र उन्हाळ्यात खोली गार करून उष्णता पाण्यात सोडतं.

मी याला हमाल म्हणतो. धान्याच्या बाजारात हमाल पोत्यातल्या गव्हाची किंमत मागत नाही, पोतं उचलून वर नेण्याची हमाली मागतो. गिझरचा हिशोब वेगळा: तो गहू स्वतः विकत घेतो, तोही सर्वांत महाग दुकानातून. हीट पंपाला वीज लागते ती फक्त हमालीपुरती. उष्णता विहिरीत फुकट पडलेलीच आहे, आणि उन्हाने ती दरवर्षी परत भरून निघते.

आणि हमाली कशावर ठरते? किती मजले चढायचे यावर. हेच कार्नो साहेबांनी गणितात सांगितलं. गरम बाजूचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन्ही बाजूंमधला फरक, म्हणजे एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता वर नेता येईल तो आकडा. नदीचं पाणी ५ अंश आणि हवंय ६० अंश, तर ३३३ भागिले ५५, साधारण ६. आपलं विहिरीचं पाणी २६ अंश आणि हवंय ५५ अंश, तर ३२८ भागिले २९, म्हणजे ११ च्या वर. प्रत्यक्षात एवढं कधीच मिळत नाही. यंत्रातला द्रव पाण्यापेक्षा आणखी गार आणि आणखी गरम ठेवावा लागतो, कॉम्प्रेसरचं घर्षण असतं, पंपाची वीज असते. म्हणून मी पुढे सगळीकडे ४ च धरलाय. एक युनिट वीज, चार युनिट उष्णता, त्यातली तीन विहिरीतून. कुणाला हा आकडा जास्त वाटत असेल तर तीन धरून हिशोब करा, माझं म्हणणं तरीही टिकतं.

गिझर विकणारा म्हणतो की आमचा माल जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम आहे. तो खोटं बोलत नाही. जेवढी वीज तेवढी उष्णता, पहिल्या नियमात फर्स्ट क्लास. दुसऱ्या नियमात मात्र केटी. कारण ती वीज येते कुठून? कोराडीला, चंद्रपूरला कोळसा जाळून. कोळशाच्या कमीत कमी अर्ध्याहून जास्त, जुन्या संचांत तर दोन-तृतीयांशाच्या आसपास, उष्णतेचं पाणी सोडावं लागतं, अगदी शब्दशः, कूलिंग टॉवरमधून. एवढा आटापिटा करून उष्णतेची वीज करायची, ती तारेतून आणायची, आणि बाथरूममध्ये तिची पुन्हा उष्णता करायची. तीही कशासाठी, तर बावीस अंशांचं पाणी बेचाळीस अंशांचं करायला! सोनाराकडून दागिना घडवून आणायचा आणि घरी येऊन तो वितळवायचा, तशातला प्रकार.

ही कल्पना नवी आहे असं कुणी समजू नये. १८५२ साली ग्लासगोच्या विल्यम थॉमसननी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननी, इमारती गरम आणि गार करण्यासाठी असं यंत्र चालेल हे कागदावर दाखवलं होतं. पण कोळसा स्वस्त असताना कागद कोण वाचतो? प्रत्यक्षात या प्रकाराला मोठं बळ दिलं ते स्वित्झर्लंडने, आणि त्याचं कारण फार शिकण्यासारखं आहे. त्या देशात डोंगर आहेत, धरणं आहेत, पाण्यावरची वीज आहे, पण कोळसा जवळजवळ नाही. तो बाहेरून आणायचा. झुरिच शहराचं जुनं टाऊन हॉल सतराव्या शतकातलं, लिम्मात नदीच्या पात्रातच उभं आहे. तिथे लाकडाच्या शेगड्या होत्या. त्या काढून १९३७-३८ मध्ये एशर विस कंपनीने तिथे हीट पंप बसवला. उष्णता घ्यायची लिम्मात नदीतून. थंडीत नदीचं पाणी बर्फाच्या जवळ गेलेलं, तरी त्यातून उष्णता काढून ६० अंशांपर्यंतचं पाणी इमारतीत फिरवायचं. क्षमता साधारण १०० किलोवॅट. उन्हाळ्यात तेच यंत्र सभागृह गार करायचं.

हे यंत्र किती वर्षं चाललं असेल? ६३ वर्षं. २००१ साली ते बदलून नवं बसवलं. आपल्या वर्कशॉपमधली लेथ जुनी जुनी म्हणून आपण तिची चेष्टा करतो, पण हिटलरच्या काळात सुरू झालेला कॉम्प्रेसर एकविसाव्या शतकापर्यंत चालला, हे मला कुठल्याही सीओपीच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. "असली यंत्रं आपल्याकडे टिकत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यात तेव्हा आर-१२ हा वायू होता. तो ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंद होत गेला. आता त्याजागी दुसरे वायू आहेत. अमोनियाही चालतो, तो आपल्याकडच्या डेअऱ्यांना आणि बर्फाच्या कारखान्यांना नवा नाही. पण अमोनिया विषारी, होस्टेलजवळ मी तो सुचवणार नाही.

पुढे युद्ध सुरू झालं, बाहेरचा कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा झुरिचमध्ये १९४१ साली पोहण्याच्या तलावाला आणि १९४२ च्या सुमारास ईटीएच या तिथल्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेला हीट पंप बसले. अभियांत्रिकी कॉलेजने स्वतःच्याच इमारतींवर प्रयोग करावा, हा मुद्दा जाता जाता नोंदवून ठेवतो.

आपल्याला जवळचं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. ऑरेगन राज्यात पोर्टलंडला १९४८ साली इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. ही मोठी व्यापारी इमारत विहिरींच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाने थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार ठेवली जात होती. अशा मोठ्या इमारतींमध्ये हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक. अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९८० मध्ये त्याला ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा दिला. नदी नाही, समुद्र नाही, साध्या विहिरी. आणि थेट समुद्रच घ्यायचा असेल तर स्टॉकहोमला १९८० च्या दशकात उभे केलेले सहा पंप आहेत, मिळून १८० मेगावॅट उष्णता देणारे. हिवाळ्यात ते पंधरा मीटर खोलीवरून ३ अंशांचं समुद्राचं पाणी उचलतात आणि त्यातून शहराला ऊब देतात. ३ अंशांच्या पाण्यातून! आपण २६ अंशांच्या पाण्यावर बसलोय आणि रॉड शोधतोय.

आता हिशोब. मी तो थर्मोच्या सरांना दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी लाल पेन चालवलं, त्यानंतरचा हा आहे.

एका मुलाला वीस लिटरची एक बादली धरू. २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची. वीस लिटर गुणिले ४.१८६ गुणिले वीस, म्हणजे १,६७४ किलोज्यूल. एका युनिटमध्ये ३,६०० किलोज्यूल, म्हणजे बादलीला सुमारे ०.४६५ युनिट. ३०० मुलांचे रोजचे १४० युनिट. गिझरने तापवलं तर हे सगळे १४० बिलात. टाकीतलं पाणी रात्रभर गार होतं, गिझर चालू राहून जातो, ते वेगळं, ते मी धरलेलं नाही. हीट पंपाने तापवलं तर १४० भागिले ४, म्हणजे ३५ युनिट. रोज १०५ युनिट वाचतात. थंडी आणि पावसाळा मिळून वर्षातले दोनशे दिवस गरम पाणी लागतं असं धरलं तर २१,००० युनिट. युनिट दहा रुपयाला धरलं तर वर्षाला दोन लाखांच्या वर.

पण मला पैशांपेक्षा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ४८ गिझर, प्रत्येकी २ किलोवॅट, म्हणजे ९६ किलोवॅटचा जोडभार. आणि हे सगळे एकाच वेळी लागणार, कारण सव्वासातला अंघोळ, पावणेआठला नाश्ता आणि आठला लेक्चर हे वेळापत्रक तीनशेही जणांचं सारखंच आहे. कॉलेजच्या बिलात नुसते युनिट नसतात, कमाल मागणीचाही आकार असतो, हे इलेक्ट्रिकलवाले मित्र सांगतील. हीट पंपाला घाई नाही. तो रात्री दहा तास सावकाश चालेल. १४० युनिट उष्णता दहा तासांत, म्हणजे १४ किलोवॅट, त्यासाठी वीज साडेतीन किलोवॅट. ९६ कुठे आणि साडेतीन कुठे! सोबत चार हजार लिटरची, नीट आच्छादन घातलेली टाकी हवी. ५५ अंशांचं पाणी साठवलं आणि बाथरूममध्ये गार पाणी मिसळून घेतलं तर तेवढी पुरते. अधूनमधून ती ६० अंशांच्या वर तापवावी लागेल, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. तेवढ्यापुरता एक हीटर टाकीत राहू द्या, माझी तक्रार नाही.

"आणि विहीर आटली तर?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि तो बरोबर प्रश्न आहे. विदर्भात पाण्याचा प्रश्न निघाल्याशिवाय कुठलीही योजना पुढे जाऊ नये. परदेशात बऱ्याच ठिकाणी एका विहिरीतून पाणी घेतात, यंत्रातून फिरवतात आणि दुसऱ्या विहिरीत सोडतात. काही ठिकाणी पाणी उचलतच नाहीत, नुसती बंद नळी जमिनीत किंवा तळ्यात फिरवतात. आपल्याला यातलं काहीच करायची गरज नाही. विहिरीचं पाणी आपण रोज वरच्या टाकीत चढवतोच. वसतिगृहासाठी माणशी १३५ लिटर असं मानक आहे, म्हणजे ३०० मुलांचे रोज साधारण ४०,५०० लिटर. हे पाणी टाकीत जाताना वाटेत यंत्रातून जाऊ द्यायचं. त्यातून १०५ युनिट उष्णता काढली तर ते किती गार होईल? सव्वादोन अंश. फक्त सव्वादोन अंश! प्यायला, कपडे धुवायला, कुंड्यांना घालायला तेच पाणी वापरायचं. एक थेंबही जादा उपसायचा नाही.

मात्र इथे मी एक रेघ ओढतो. हेच यंत्र मे महिन्यात उलटं चालवून कॉम्प्युटर सेंटरचे एसी विहिरीच्या पाण्यावर चालवता येतील का? शास्त्र म्हणतं, उत्तम चालतील. एक घनमीटर पाणी एका अंशासाठी जेवढी उष्णता पोटात घेतं तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. आणि ४५ अंशांच्या झळा सोसत पश्चिमेच्या भिंतीवर धापा टाकणाऱ्या बाहेरच्या युनिटपेक्षा २७ अंशांचं पाणी केव्हाही बरं. हमालाचे मजलेच कमी होतात. पण मे महिन्यात आपली विहीर तळ दाखवते, तेव्हा तिच्यावर एसीचा बोजा टाकायला माझा विरोध आहे. शिवाय वरच्या टाकीचं पाणी तेव्हा असंही चटके देतं, त्यात आणखी भर नको. ज्यांच्याकडे मोठं तळं आहे त्यांनी खुशाल करावं.

पण गार करण्याचा वेगळा मार्ग आहे, आणि खरं तर तोच मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. जुलै-ऑगस्टचे दिवस आठवा. बाहेर पाऊस, सोलर झोपलेलं, मुलांना गरम पाणी हवं. त्याच वेळी कॉम्प्युटर सेंटरमध्ये दमट हवेमुळे आणि तीनेकशे वॅट ओढणाऱ्या डबड्यांमुळे एसी चालूच. म्हणजे एका इमारतीच्या भिंतीतून आपण पैसे देऊन उष्णता बाहेर फेकतोय आणि शंभर पावलांवर दुसऱ्या इमारतीत पैसे देऊन ती तयार करतोय. दोघांच्या मध्ये पाण्याची एक नळी टाकायची, बास. वर काढलेली १०५ युनिट उष्णता विहिरीऐवजी कॉम्प्युटर सेंटरमधून घेतली तर तेवढा गारवा तिथे आपोआप मिळतो. दहा टनांचा एसी जवळजवळ तीन तास चालवल्याइतका! म्हणजे गरम पाण्याच्या हमालीत गारवा वरकड. अंघोळ सकाळची आणि सेंटर दिवसाचं, ही वेळेची तफावत टाकी भरून काढते. पावसाळ्यापुरता पंप रात्रीऐवजी दुपारी चालवायचा, एवढंच.

मोठ्या इमारतींमध्ये हे तत्त्व साठ वर्षांपासून वापरात आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात ही पद्धत रुळली. सगळ्या इमारतीतून एक पाण्याची नळी गोल फिरते, साधारण १५ ते ३२ अंशांच्या मध्ये ठेवलेली, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा छोटा हीट पंप. उन्हाच्या बाजूची खोली नळीत उष्णता टाकते, सावलीतली खोली काढून घेते. आपल्या भिशीसारखं. एकाने भरायचे, दुसऱ्याने उचलायचे, पैसे गटातच फिरतात. सगळेच भरायला लागले तर कूलिंग टॉवर चालू करायचा, सगळेच उचलायला लागले तर बॉयलर. दोन्ही बंद असतील तो दिवस खऱ्या कमाईचा. आपल्याकडे खोल्या गरम करायची वेळ येत नाही, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. ती काश्मीर-हिमाचलला शोभेल. आपली गरज आहे गरम पाण्याची आणि गार खोलीची, आणि ही जोडी तर त्याहून सोपी. मोठ्या हॉटेलांमध्ये गरम पाण्यासाठी हीट पंप बसवणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. तिथे रोजचा हिशोब मालकाला द्यावा लागतो ना!

दुसरा आक्षेप सोलरचा. "सोलर आहे ना आपल्याकडे, मग हे कशाला?" सोलर उत्तमच आहे, त्याच्या पुढे हीट पंप नाही, त्याच्या मागे आहे. उन्हाच्या दिवशी सोलरच वापरावं. भांडण आहे ते ढगाळ दिवसाचं आणि साडेसात वाजताच्या अंघोळीचं. सध्या अशा दिवशी सोलरच्या टाकीतला विजेचा हीटर धावून येतो, म्हणजे पुन्हा रॉडच, फक्त रेक्टर सरांनी न पकडलेला. त्या जागी हीट पंप आला की जोडी जमली.

तिसरा आक्षेप क्षारांचा, आणि यावर मी गप्प बसणार नाही कारण तो खराच आहे. आपलं पाणी जड आहे, बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलाय. तो थर हीट एक्स्चेंजरच्या पत्र्यांवर बसला की उष्णता जायला अडते आणि चारचा आकडा तीनवर कधी आला ते कळतही नाही. म्हणून उघडून धुता येणारा प्लेट एक्स्चेंजर घ्यावा आणि सत्रातून एकदा आम्लाने साफ करावा. हे काम न केल्यास यंत्राला दोष देऊ नये. पिण्याचं पाणी आणि यंत्रातला वायू यांच्यामध्ये दुहेरी भिंत असावी, ही दुसरी अट. आणि यंत्र बंद पडलं तर तीनशे जणांचं पाणी एकदम बंद पडतं, गिझर बंद पडला तर सहा जणांचं. म्हणून एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. किंमत गिझरपेक्षा बरीच जास्त पडणार, हे मी लपवत नाही. वर दाखवलेली बचत ती किती वर्षांत फेडते ते कोटेशन आल्यावर लेखा विभागानेच मांडावं.

चौथा आक्षेप कुणी तोंडावर घेत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो: "बघणार कोण?" याचं उत्तर आपल्याकडेच आहे. दरवर्षी मेकॅनिकलची साठ मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात आणि शेवटी मागच्या वर्षीच्या ब्लॅक बुकचं कव्हर बदलतात. त्यांच्यातल्या चार जणांना दरवर्षी हे यंत्र द्या. पाणी आत किती अंश, बाहेर किती, वीज किती, रोज सकाळी लिहायचं. आरएसीच्या प्रॅक्टिकलला सहा माणसं एका वॉटर कूलरच्या रिगभोवती उभी राहून "रीडिंग दे रे" म्हणतात, त्यापेक्षा हे नक्की बरं. नुसतं वाचन घेणं विद्यार्थ्यांचं, दुरुस्तीचा करार मात्र पुरवठादाराशी पाच वर्षांचा पाहिजे. विद्यार्थ्यांच्या भरवशावर तीनशे अंघोळी सोडू नयेत, परीक्षेच्या महिन्यात तर नाहीच.

कमिटीला हीट पंप यंदा परवडत नसेल तर मी समजू शकतो. पण मग निदान एवढं करावं. ४८ बाथरूमना ४८ वेगवेगळे गिझर लावून भिंती बंद करू नयेत. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याची एक सामाईक लाइन, आच्छादन घातलेली, वरच्या टाकीपर्यंत न्यावी, परतीची नळीही सोबत टाकावी म्हणजे नळ उघडल्यावर पहिली बादली गार येणार नाही. सध्या त्या लाइनला सोलर जोडा, हवं तर विजेचा बॉयलरही जोडा. पंपघराशेजारी जुना जनरेटर ठेवला होता तो ओटा रिकामा आहे, त्याची लांबी-रुंदी मी मोजली आहे, दहा फूट बाय साडेआठ. तो ओटा आणि तिथपर्यंतची केबल तेवढी राखून ठेवावी. प्लंबिंगचं काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे असं साइटवरचे सुपरवायझर म्हणाले. तापमानाची वही पंपवाल्या काकांकडे आहे, मागितली तर देतात.